गंजलेल्या चेसिसवर सुरगाण्यापर्यंत

आई सुरगाणा तालुक्यात नर्स होती. सहा वर्षांनी तिची बदली झाली तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांची होते, त्यामुळे तिथलं मला आठवतं ते तुकड्यातुकड्यांनी: शेणानं सारवलेली ओटी, पत्र्याची पेटी, आणि सोनीबाई. सोनीबाई म्हणजे पाड्यावरची दाई. आई सरकारी नर्स आणि ती गावची दाई, पण त्या भागातली कितीतरी बाळंतपणं दोघींनी मिळून केली. नवरात्रात तिच्या नातवाचा, काशिनाथचा, फोन आला. "बाई, आजीला आता दिसत नाही. तुझं नाव घेते रोज."

आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "दसरा झाला की जाऊ."

आई बहात्तर वर्षांची. दोन वर्षांपासून आमच्याकडे इंदिरानगरला राहते. मी शाळेत शिकवते, नितीन, माझा नवरा, विम्याच्या कचेरीत आहे. उन्हाळ्यात त्यानं जुन्या गाड्या विकणाऱ्या एका एजंटकडून अकरा वर्षांची एसयूव्ही घेतली होती. सात सीटांची, उंच, खालून चकचकीत काळा रंग मारलेली. "हिला सुरगाण्याचा रस्ता म्हणजे काहीच नाही," तो म्हणाला. आईनं मागच्या डाव्या सीटवर उशी ठेवली, चढायला प्लॅस्टिकचं स्टूल घेतलं, आणि दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही निघालो.

रस्ता सांगते, कारण बरेच जण विचारतात. नाशिकहून दिंडोरी, तिथून वणी, मग सापुताऱ्याच्या दिशेनं बोरगाव, आणि बोरगावहून सुरगाण्याचा फाटा. दिंडोरीपर्यंत रस्ता चांगला आहे, पण द्राक्षवाल्यांचे ट्रॅक्टर आणि पिकअप सकाळपासून सुरू होतात, तेव्हा लवकर निघा. दिंडोरीच्या पुढे एका शेडमध्ये मिसळ खाल्ली. रस्सा जाळ होता. आईनं पावाऐवजी दही मागितलं आणि मालकिणीनं घरातलं वाटीभर आणून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

वणीच्या अलीकडे गतिरोधकावर मला पहिल्यांदा आवाज आला. कट्ट. लाकडी फळी मोडावी तसा, आईच्या सीटच्या खालून.

"नितीन, आवाज आला."

"जुनी गाडी आहे. बोलणारच थोडी."

पुढच्या गतिरोधकावर पुन्हा. मी आरशातून आईकडे बघितलं, ती बाहेर बघत होती. वणीनंतर दोन्ही बाजूंना खुरासणी, म्हणजे कारळे, फुललेली होती, डोंगराच्या उतारापर्यंत पिवळं पिवळं. असं दृश्य बघायलाच लोक ऑक्टोबरात तिकडे जातात. मी फोटो काढायला मोबाईल हातात घेतला होता, पण एकही फोटो काढला नाही. मी पुढच्या गतिरोधकाची वाट बघत बसले होते.

बोरगावच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. तेव्हा वैताग आला. आता वाटतं, ते पंक्चर झालं नसतं तर मी हे लिहीत बसले नसते.

पंक्चरवाल्याची टपरी रस्त्याकडेला होती. रघुनाथभाऊ, पन्नाशीचा माणूस, कपाळावर चष्मा. जमीन भुसभुशीत होती म्हणून त्यानं खाली फळी टाकली आणि जॅक चेसिसला, म्हणजे ज्या लोखंडी सांगाड्यावर अख्खी गाडी बसलेली असते त्याला, लावला. दांडा फिरवू लागला. गाडी वर येईना. जॅक मात्र वर जात होता.

कुरकुर असा आवाज झाला, पापड मोडल्यासारखा. रघुनाथभाऊ थांबला. जॅक काढून तो खाली आडवा झाला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"ताई, जरा तो पेचकस द्या इकडं."

मी दिला. खालून ठक ठक वाजलं. मग ठक वाजायचं बंद झालं आणि नुसता खस्स असा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत, भुवयांवर लाल भुगा होता. तळहातावर एक खपली होती, पोळीच्या पापुद्र्यासारखी, थरांथरांची. एका बाजूनं काळी, दुसऱ्या बाजूनं तपकिरी.

"सायेब, गाडी समुद्राकडची हे का?"

"पासिंग रत्नागिरीचं आहे," नितीन म्हणाला.

"मग बरोबर. खारी हवा लय खाती लोखंडाला. हे बघा, वरून काळा रंग मारलाय नुस्ता. आत काय नाय राहिलं. मागं पाट्याचं, म्हंजी स्प्रिंगचं, ब्रॅकेट हे ना, त्याच्या वर चीर गेलीय. बोट जातंय माझं."

मला नीट कळलं नाही, म्हणून मी विचारलं, "म्हणजे काय होऊ शकतं?"

त्यानं आईकडे पाहिलं, मग आवाज खाली घेतला. "तुटली तर मागचं अंग बसंल. सपाटीला असलं तर ठीक. घाटात असलं तर..." त्यानं जॅक ॲक्सलखाली, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याखाली, लावला आणि चाक बदललं.

त्याचा सल्ला सरळ होता. परत नाशिक लांब आहे, सुरगाण्याला वेल्डिंगवाला आहे. साहेबांनी रिकामी गाडी हळूहळू खाली न्यावी आणि पट्टी मारून घ्यावी. बाया-माणसांनी जीपनं जावं.

आम्ही जीपची वाट बघत थांबलो. पाऊण तास झाला. एक जीप आली, पण दारातसुद्धा माणसं लटकत होती. आईचे गुडघे सुजायला लागले होते. ती स्टुलावर बसून गुडघे चोळत होती. आईनं तक्रार केली नाही की मला जास्त अपराधी वाटतं.

नितीन म्हणाला, "बसा. मी वीसच्या वर जाणार नाही. इतके महिने चालवलीच ना आपण?"

मी नाही म्हणायला हवं होतं. आईला पुढच्या सीटवर बसवलं, स्वतः मागे उजवीकडे बसले, आणि वाटलं की मी काळजी घेतली.

बोरगावच्या पुढे रस्ता वळणावळणांनी उतरतो. डावीकडे दरी, खाली भाताची खाचरं, पिकून सोनेरी झालेली. लहानपणी शिकवलेली सगळी स्तोत्रं मी मनात म्हणून घेतली. प्रत्येक खड्ड्याला माझी बोटं सीटच्या कडेत रुतत होती. मागून येणारे हॉर्न वाजवून पुढे जात होते. एका मोटारसायकलवाल्यानं वाकून आत बघितलं, कुणी आजारी आहे का म्हणून. नितीनच्या मानेवर घाम होता. काच उघडी होती, हवा गार होती, तरी.

आई एकदाच बोलली. "नितीनराव, इथे डावीकडे वडाचं झाड होतं. आता दिसत नाही."

"हो का, आई," तो म्हणाला. त्याला काहीही ऐकू आलेलं नव्हतं, हे मला त्याच्या आवाजावरून कळलं.

सुरगाण्यात वेल्डिंगचं दुकान बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, भात कापायला गेलाय, सोमवारी येईल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाडा अजून नऊ किलोमीटर होता. तसेच गेलो.

पाडा वीस-बावीस घरांचा. गाडी थांबताच पोरं जमली, मग बायका. काशिनाथनं आईचा हात धरून तिला उतरवलं आणि ओटीवर नेलं. सोनीबाई भिंतीला टेकून बसली होती. मला आठवत होती ती धिप्पाड बाई. ही मूठभर राहिलेली. आई तिच्यासमोर बसली. सोनीबाईनं आईचे दोन्ही हात हातात घेतले, बोटं एकेक करून चाचपली.

"बाई, तुझा हात अजून थंडच आहा," ती म्हणाली.

आई हसली आणि मग रडली. मी आईला इतकं मोकळं रडताना बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"आन् ती पोर कुठं आहा? माझ्या मांडीवर मुतायची ती?"

मी पुढे झाले. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, नाकाशी थांबली, म्हणाली, "नाक बापाचं." सगळी ओटी हसली. दुपारी नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि खुरासणीची चटणी होती. तिकडे गेलात आणि कुणी जेवायला बस म्हटलं तर नाही म्हणू नका. नागलीची भाकरी गरम असतानाच खा, गार झाली की चिवट होते. त्या दोघी संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. कुणाचं पोर पायाळू जन्मलं, कोण वाचलं, कोण नाही वाचलं. मी ऐकत होते आणि मधूनच अंगणात उभ्या गाडीकडे माझी नजर जात होती. नितीन जेवणानंतर गाडीजवळच फिरत राहिला. एकदा खाली वाकला, लगेच उठला.

रात्री तिथेच राहिलो. खरा प्रसंग सकाळी आला.

चहा झाल्यावर काशिनाथ नितीनजवळ आला. मागे पाच-सहा बायका, दोन पुरुष, गाठोडी, एक तान्हं मूल. दिंडोरीकडे द्राक्षांची छाटणी सुरू झाली होती आणि पाड्यावरची माणसं कामाला निघाली होती.

"साहेब, तुम्ही दिंडोरीवरूनच जाणार ना? गाडीत जागा आहा. या बायांना न्या. पिकअपमध्ये लय गर्दी होती, आन् ही बाळंतीण आहा."

नितीन म्हणाला, "नाही जमणार. जागा नाही."

जागा समोर दिसत होती. सात सीटा, आम्ही तिघं. काशिनाथनं गाडीकडे बघितलं, मग नितीनकडे. बायकांपैकी एकीनं गाठोडं पुन्हा डोक्यावर घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला सहन झालं नाही. त्यांना असं उत्तर अपेक्षितच असावं.

आईनं ओटीवरून हाक मारली. "नितीनराव, त्या पोरीला तरी घ्या. मी मागे बसते."

"आई, नको," तो म्हणाला. खरं कारण त्याच्या तोंडून निघेना. कालपासून तो ते टाळत होता. आईला आम्ही एवढंच सांगितलं होतं की गाडीचं थोडं काम निघालंय.

मी काशिनाथला म्हटलं, "दादा, गाडीखाली जाऊन बघ. मागच्या डाव्या चाकाच्या आत."

नितीननं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला चारचौघांत उघडं पाडलंय. पाडलंच होतं. काशिनाथ खाली सरपटत गेला. त्याच्यामागे आणखी एक जण गेला, गुजरातेत ट्रकवर क्लीनर म्हणून काम केलेला. खालून त्यांचं बोलणं ऐकू आलं, आधी हळू, मग मोठ्यानं. काशिनाथ बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात गंजाचा वीतभर तुकडा होता. तो त्यानं नुसत्या हातानं काढला होता.

"आन् या गाडीतून बाईला घेऊन घाट उतरलास तू?"

नितीन मान खाली घालून उभा राहिला. आईनं तो तुकडा मागून घेतला, उलटसुलट पाहिला आणि बाजूला ठेवला. "मग मी कशी जाणार?" एवढंच विचारलं.

"तू आमच्याबरोबर चल, बाई," काशिनाथ म्हणाला. "पुढं बसवतो तुला, ड्रायव्हरशेजारी."

मघाशी ज्यांना आम्ही जागा नाकारली होती, त्यांनीच आईला पिकअपमध्ये पुढची जागा दिली. आम्हां दोघींमध्ये ती बाळंतीण बसली, मांडीवर मूल घेऊन. बाकीचे मागे, गाठोड्यांवर. नितीन एकटा रिकामी गाडी घेऊन पुढे, आम्ही मागे. काशिनाथनं पिकअपच्या ड्रायव्हरला बजावलं, "अंतर ठेव. जवळ जाऊ नको."

उतरताना मी गाडीच्या आत होते. चढताना मी बाहेरून बघत होते, आणि ते जास्त भयंकर होतं. मागून गाडी सरळ रेषेत चाललेलीच नव्हती. मागचं अंग थोडं डावीकडे तिरकं पडून खेकड्यासारखं सरकत होतं. काल मी आत बसले होते तेव्हाही हेच चाललं होतं, फक्त मला दिसत नव्हतं. बाळंतीण मला विचारत होती, "ताई, पाणी पिते का?" आणि मी पुढच्या गाडीवरून नजर काढत नव्हते.

घाट संपायला दोनच वळणं उरली होती. तिथे एका मोरीवर रस्ता खचून खड्डा झाला होता. नितीननं वेग जवळजवळ शून्यावर आणला. पुढची चाकं गेली. मागची खड्ड्यात उतरली, आणि वर आलीच नाहीत.

आवाज आमच्यापर्यंत आला. गाडीचं मागचं डावं अंग खाली बसलं आणि चाक आत वळून पडलं. गाडी मागे सरकू लागली. हळू, पण दरीच्या बाजूला. नितीननं स्टेअरिंग डोंगराकडे फिरवलं असावं, कारण मागचं अंग डोंगराच्या बाजूला वळलं. तुटलेला सांगाडा डांबरावर खरवडत गेला आणि त्या खरवडण्यानंच गाडी थांबली. कठड्यापासून किती अंतर होतं ते मी मोजलं नाही. एक माणूस उभा राहू शकेल इतकं होतं.

मी दार उघडून धावले. माझ्याआधी मागची माणसं उड्या मारून पोचली होती. चाकांमागे दगड लावले गेले. दरीकडचं दार कुणी उघडू दिलं नाही. नितीनला डाव्या बाजूनं, गिअरवरून ओढून काढलं. त्याला काही लागलं नव्हतं. तो तिथेच रस्त्यावर बसला. एका बाईनं कळशीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि दुसरीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. मघाशी गाठोडं परत डोक्यावर घेणारी तीच होती.

छाटणीच्या कामावरच्या मुकादमाचे फोन येत होते, तरी ती माणसं अर्धा तास थांबली. वणीहून क्रेन मागवली. मग आई आणि मी पिकअपनं दिंडोरीला आलो, तिथून एसटीनं नाशिकला. नितीन संध्याकाळी क्रेनबरोबर आला.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी अंबडच्या गॅरेजवर गेले. चेसिसचं काम करणारे शेखभाई, साठीचे, गाडी लिफ्टवर चढवून खाली उभे होते. नितीनही होता. शेखभाई मला सगळं समजावून सांगत होते, आणि तुमच्यापैकी कुणी जुनी एसयूव्ही घेणार असेल तर त्यांचं म्हणणं ऐका. इंजिन, सीट, टायर यांना भुलू नका. गाडी आधी कुठल्या गावी होती ते विचारा. खाली ताजा काळा रंग दिसला की खूश न होता संशय घ्या. छोटी हातोडी घेऊन चेसिसवर वाजवा, खणखणीत आवाज यायला हवा. बद्द आला की तिथेच थांबा. मागच्या पाट्यांची ब्रॅकेट्स, जोड, आणि नव्यानं मारलेल्या पट्ट्या नीट पाहा. आणि लिफ्टवर चढवू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

मग ते नितीनकडे वळले. "पण साहेब, हे मी तुम्हाला तेव्हाच बोललो होतो ना? उन्हाळ्यात घेऊन आला होता तुम्ही. मी म्हटलं होतं, ही सोडा, दुसरी बघा."

मी लिफ्टवरच्या गाडीकडे बघत राहिले. वणीचा पहिला आवाज, "जुनी गाडी आहे, बोलणारच", बोरगावला "बसा"... त्या प्रत्येक वेळी त्याला माहीत होतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, एजंटनं शपथ घेऊन सांगितलं होतं की वरवरचा गंज आहे. गाडी त्याला फार आवडली होती. आणि एकदा घेतल्यावर मला सांगायची हिंमत झाली नाही. मी ऐकून घेतलं. क्षमा वगैरे काही केली नाही.

एजंटला फोन केला तेव्हा तो गोड बोलला. गाडी आहे तशी परत आणा, थोडे पैसे घालून दुसरी घेऊन जा. नितीननं फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मग ही तो कुणाला देईल?" दोन दिवसांनी तो स्वतःच गाडी भंगारात मोडून, नोंदणी रद्द करायला अर्ज देऊन आला. हे त्यानं बरोबर केलं, आणि ते मी त्याला सांगितलं.

त्याला आधीपासून माहीत होतं, हे आईला मी सांगणार नव्हते. त्यानंच सांगितलं, रविवारी सकाळी, तिच्या खोलीत जाऊन. मी दारात उभी होते.

आईनं शांतपणे विचारलं, "मला स्टूल लावून मागे बसवलंत, तेव्हा हे तुमच्या मनात आलं होतं?"

"आलं होतं."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

चार दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तो समोर आला की चहा तसाच ठेवून उठायची. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. मी मध्ये पडले नाही. ते दोघांमधलं होतं. अजूनही मी बसलेलं कुठलंही वाहन गतिरोधकावरून गेलं की मी सीटखालच्या आवाजाकडे कान लावते. बसमध्येसुद्धा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी नितीन कचेरीतून आला. आई पलंगावर बसली होती, हातात मोबाईल, चष्मा कपाळावर. तिनं त्याच्याकडे न बघता फोन पुढे केला.

"सोनीबाईला लावून द्या," ती म्हणाली. "आणि इथेच बसा. ती तुमची चौकशी करते."